कूलरपुढून सरकणार कोण?

हळदीच्या पंगतीत मला बट्टी मिळाली नाही. ती घशाखाली उतरली नाहीच, आणि ही गोष्टही अजून उतरलेली नाही.

पारोळ्याला मेव्हणीचं लग्न, मे महिना, पारा ४४. बायको मेंदी काढायला बसली आणि तान्ही पोरगी माझ्या मांडीवर आली. मांडवात कूलर एकच. त्याच्यापुढे बायकोचे चुलत आजोबा, अख्ख्या गावाचे आप्पा, एका खुर्चीवर स्वतः आणि दुसरीवर पाय ठेवून बसलेले. वारा सगळा त्यांच्या धोतरात शिरत होता. बाकीच्यांच्या वाट्याला नुसता आवाज.

"जवाई, पोरगी तुमनाकडे काब्र? तिनी माय कोठे शे?"

मेंदीला, म्हटलं. आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी शेत गहाण टाकून आलोय. एखादी बाई पोर घेऊन बसली असती तर त्यांनी डोळाही उघडला नसता. पुरुष बसला की तमाशा. मला राग आला आणि रागात मी ज्ञान पाजळतो. म्हटलं, "आप्पा, अंटार्क्टिकात एम्परर पेंग्विन असतात. तिथे आत्ता, याच सुमाराला, मादी एकच अंडं घालते, नराच्या पायांवर सोपवते आणि समुद्रावर निघून जाते. नर ते पोटाच्या कातडीखाली झाकून दोन महिन्यांच्यावर उभा. खाली बर्फ, वर उणे चाळीस."

"दोन महिना? समिंदरवर? माहेर शे का तिनं तठे?"

"मासे खायला जाते."

"आनि तो काय खास?"

"काहीच नाही. जोडी जमल्यापासून धरले तर जवळपास चार महिने उपास. वजन निम्म्यापर्यंतही उतरतं."

आप्पांनी पाय खाली घेतले. मला वाटलं, माझ्यासाठी खुर्ची मोकळी होतेय. त्यांनी पायाला खाजवलं आणि परत वर ठेवले.

"मंग अंडं खाले पडनं तं?"

"मिनिटा-दोन मिनिटांत गोठतं. संपलं."

"त्याना सासू-सासरा काय करतस मंग?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी मुद्द्यावर आलो, म्हणजे कूलरवर. म्हटलं, हे हजारो बाप एकमेकांना चिकटून घोळका करतात. बाहेरचा गारठून आत सरकतो, आतला तापून बाहेर येतो. घोळक्याच्या पोटात पारा ३७पर्यंत जातो. (आमच्याकडे मे महिन्यात पारा ३७ झाला तर म्हातारी माणसं अंगावर शाल घेतील, पण ते असो.) सांगायचं एवढंच, की तिथे ऊबदार जागा कुणी अडवून बसत नाही. पाळी येते, पाळी जाते.

हे मी आप्पांच्या डोळ्यांत बघून सांगितलं. एवढा स्पष्ट टोमणा मी नोकरीत साहेबाला कधी मारलेला नाही.

"खोटं," आप्पा म्हणाले. "मी दखेल शेतस ते, भायखळाले. एसीमा राहतस. काय थंडी अन् काय उपास!"

मी समजावलं, की राणीच्या बागेतले ते हम्बोल्ट पेंग्विन. मूळ पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. वेगळी जात.

"म्हंजे भाऊबंद," आप्पा म्हणाले आणि डोळे मिटले. भाऊबंदांबद्दल खान्देशात पुढे काही बोलायचं नसतं.

पोरगी एव्हाना रडायला लागली होती. पिलू आधी निघालं आणि आईला उशीर झाला, तर पेंग्विन बाप इतक्या उपासातही स्वतःच्या घशातून दुधासारखा स्राव काढून त्याला भरवतो. माझ्या घशात कोरड होती. तिकडे चुलाण्यावरून घोटलेल्या वांग्यांचा वास येत होता आणि पुरुषांची पंगत उठत होती. पेंग्विनीण परतते ती हजारोंच्या गर्दीत नवऱ्याचा आवाज ओळखून, पोटभर मासे घेऊन. मी तीन हाका मारल्या. आमची आली ती कोपरापर्यंत ओली मेंदी, दोन्ही हात पुढे धरून. "अजून थोडा वेळ घ्या ना, पुसेल." पोरगी कडेवर, हातात पाण्याची बाटली, अशा अवस्थेत मी बायकांची पंगतही पाहिली. म्हणजे नुसती पाहिलीच. सासूबाई आणि काकू तेव्हाही वाढतच होत्या. त्या जेवल्या कधी, ते कुणाला माहीत नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

शेवटी मेंदी वाळली. मी धावत पाटावर जाऊन बसलो. वाढप्याने बट्टीचं टोपलं माझ्यावरून सरळ पुढे नेलं. हाक मारली तर लाजून म्हणाला, "तुमचं वेगळं येतंय, पाहुणे."

वेगळं आलं. भगर आणि दाण्याची आमटी. त्या टोकाला आप्पा तुपात बुडवलेली बट्टी चुरत सगळ्या पंगतीला सांगत होते, "जवाईले उपास शे. चार महिनाना. त्यासना जातमा राहस."