पावसाळा, इलेक्ट्रिक गाडी आणि अर्थिंगचा जीवघेणा सल्ला

पाऊस लागला की गोव्यात एक संदेश फोनवरून फिरायला लागतो. त्यात इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी सहा मुद्दे आहेत. पावसात चार्जिंग लावलं तर शॉक बसतो. साचलेल्या पाण्यात गाडी घातली तर पाण्यात करंट उतरतो. कोंडीत एसी चालू ठेवला तर बॅटरी तासाभरात संपते. गाडी घाट चढत नाही. बॅटरी तीन वर्षांत बदलावी लागते. आणि सहावा: चार्जर 'अर्थ फॉल्ट' दाखवून थांबत असेल तर सॉकेटमध्ये न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थ (जमिनीत उतरणारी तार) तारेच्या तुकड्याने जोडून घ्या, म्हणजे चार्जिंग सुरू होतं.

हा संदेश माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने सहावा मुद्दा करून घ्यायला वायरमनला फोन केला. पहिले पाच वाचून फार तर कुणी गाडी घ्यायचं पुढे ढकलेल. सहाव्याने माणूस जाईल. म्हणून आधी तोच.

घरच्या सॉकेटला लावायच्या चार्जरचा डबा गाडीकडे वीज सोडण्याआधी अर्थिंग खरंच जमिनीपर्यंत पोचलंय का ते तपासतो. नसेल तर लाल दिवा लावून थांबतो. तारेचा तुकडा जोडला की त्याला न्यूट्रलच अर्थ वाटते, हिरवा दिवा लागतो, पण गाडीचा पत्रा आता थेट न्यूट्रलला जोडला गेलेला असतो. खांबावरची लाईन ठीक असेपर्यंत काही जाणवत नाही. मग एखाद्या रात्री माडाचं चुडत (झावळी) पडतं आणि खांबापासून घरापर्यंतची न्यूट्रल तेवढी तुटते. फेज, म्हणजे वीज आणणारी तार, शाबूत राहते. फ्रिज, पंखा, जे चालू असेल त्यातून फेजचा करंट न्यूट्रलवर येतो, परतीची वाट बंद असते, आणि त्या तुकड्यातून वीज गाडीच्या पत्र्यावर चढते. गाडी रबरी टायरांवर उभी, त्यामुळे तिला जमीन मिळत नाही. ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून जो दाराला हात लावेल, त्याच्या अंगातून ती जमीन गाठते.

जुन्या घरांत याहून वाईट होऊ शकतं. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटसुलट जोडलेल्या असतील तर तुकडा जोडून बटण दाबताक्षणी पत्रा सरळ २३० व्होल्टवर जातो. चुडत पडायचीही गरज नाही. 'आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे ना' असं कुणी म्हणेल. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी चालू स्थितीत असेल तर तो बहुधा वीज तोडेल. पण ज्या घरात अर्थिंग धड नाही तिथे आरसीसीबी सहसा नसतो, किंवा पावसात सारखा पडतो म्हणून काढून टाकलेला असतो. 'अर्थ बायपास' म्हणून विकले जाणारे अडॅप्टरही हेच काम करतात, फक्त तुकडा प्लास्टिकच्या आत असतो. ते विकत घेऊ नका.

एक गोष्ट मान्य करावी लागते. चार्जिंगला लावलेल्या काही गाड्यांच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, हे खरं आहे. अर्थिंग नसलं की चार्जरच्या फिल्टरमधला किंचितसा करंट पत्र्यावर बसून राहतो. दोष घराच्या अर्थिंगचा असतो, आणि मुंग्या आल्या तर चार्जिंग बंद करून तो आधी काढायचा.

आता इलाज. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडी पडली की तिच्यातून वीज नीट उतरत नाही, आणि किनाऱ्यालगतच्या वाळूत जोडाचे नटबोल्ट खाऱ्या हवेने गंजतात. लाल दिवा बहुतेक वेळा यातल्याच एका कारणाने लागतो. आधी खड्ड्यातला जोड उघडून घासून आवळून घ्या आणि बादलीभर पाणी ओता. तेवढ्याने भागलं नाही तर चार्जरसाठी वेगळा अर्थ पिट करा: सुमारे ३ मीटरचा गॅल्व्हनाइज्ड पाइप, भोवती कोळसा-मीठ किंवा बेंटोनाइट (ओल धरणारी माती). मुख्य बोर्डापासून सॉकेटपर्यंत स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (करंट जादा झाला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा 'टाइप ए' आरसीसीबी आणि १६ अँपिअरचा औद्योगिक सॉकेट. साधा सॉकेट रात्रभर १३-१४ अँपिअर वाहून सैल स्क्रूपाशी वितळतो. चार्जिंग लावल्यावर अर्ध्या तासाने प्लग चाचपा: कोमट चालेल, चटका बसता कामा नये.

वायरमनला मल्टिमीटर आणायला सांगा. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्ट. मग गीझर लावून न्यूट्रल-अर्थ पुन्हा मोजा. खरं अर्थिंग असेल तर आकडा थोडा वाढतो. शून्यावरच चिकटून राहिला तर कुणीतरी आधीच तुकडा जोडून ठेवलाय असं समजा, एमसीबी पाडा आणि सॉकेट उघडून बघा.

हे माझं मत म्हणून घेऊ नका. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या वीज सुरक्षा नियमांत २०१९ च्या दुरुस्तीने चार्जिंग स्टेशनसाठी नियम आले: गळतीच्या करंटवर ३० मिलिअँपिअरच्या आत वीज तोडणारा ब्रेकर हवा, सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच हवा, जोडीला एक्स्टेन्शन वायर चालणार नाही. घरी यातलं काही कमी करायला कारण नाही. पाणी चढणाऱ्या अंगणात सॉकेट त्याहूनही वर घ्या.

बाकीचे मुद्दे आता भराभर. पावसात चार्जिंग: गन (गाडीत खुपसायचं चार्जरचं तोंड) गाडीत पक्की बसून गाडी आणि चार्जर यांच्यात १२ व्होल्टच्या तारेवरून बोलणं होईपर्यंत गनच्या पिनांत वीजच येत नाही, आणि गन काढताना आधी वीज तुटते. प्लगच्या बाजूला मात्र ही सोय नाही, म्हणून सॉकेट आणि डबा छपराखाली हवेत. जवळ वीज कडाडत असेल तर टीव्हीचा प्लग काढता तसा हाही काढा.

साचलेलं पाणी: मोठ्या व्होल्टची यंत्रणा गाडीच्या पत्र्यापासून वेगळी ठेवलेली असते आणि गळती दिसली की गाडी इशारा देते किंवा बॅटरीच्या आतले कॉन्टॅक्टर (वीज तोडणारे स्विच) उघडतात. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांची बॅटरी आयपी ६७ ची असते, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पाणी ओढून इंजिन आवळून बसायचा प्रश्नच नाही. पण किती खोल पाण्यात जायचं ते मॅन्युअलमध्ये बघा. संदेशात अर्धसत्य कुठे असेल तर खाऱ्या पाण्यात: २०२२ च्या इयान वादळानंतर फ्लोरिडात समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांना नंतर आगी लागल्या. खाजनाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या) काठी भरतीच्या पाण्यात गाडी बुडाली तर ती सुरू करू नका, चार्जिंगला लावू नका, घरापासून लांब उघड्यावर ठेवून सर्व्हिस सेंटरला कळवा.

कोंडीतला एसी: केबिन गार झाल्यावर एसी आणि बाकी सगळं मिळून तासाला दीड-दोन युनिट खातं. ४० युनिटची बॅटरी अर्धी असली तरी दहा तास निघतात. पर्वरीच्या कोंडीत आवाज नाही, धूर नाही, क्लच दाबून पाय दुखत नाही. हे सुख ज्याने घेतलंय तो तिसरा मुद्दा पुढे पाठवणार नाही. निघायच्या पाच मिनिटं आधी फोनवरून गाडी गार करून ठेवायची सोयही बऱ्याच गाड्यांत आहेच.

बॅटरी: बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. गाडी अचानक बंद पडते ती बऱ्याचदा पुढच्या साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीने. ती तीन-चार वर्षांत बदलावी लागते, पेट्रोलच्या गाडीसारखीच.

घाट: माणसांसकट १,७०० किलोच्या गाडीला दर १०० मीटर उंचीला साधारण अर्धं युनिट जादा लागतं. चोर्ल्याचा सात-आठशे मीटरचा चढ म्हणजे चारेक युनिट, आणि उतरताना त्यातला बराच भाग बॅटरीत परत येतो. मात्र बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ती वीज घ्यायला जागा उरत नाही आणि पेडल सोडल्यावर गाडी नेहमीसारखी आपोआप मंदावत नाही. माथ्याजवळ मुक्काम असेल तर चार्जिंग ८०-८५ टक्क्यांवर थांबवा आणि पहिल्या वळणाआधीच ब्रेक दाबून बघा.