लुटीच्या वेळी तिसऱ्याची बंदूक

अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा तो व्हिडिओ पुन्हा फिरायला लागलाय. जानेवारी 2023, इथलं एक टाकेरिया, म्हणजे मेक्सिकन खाण्याचं छोटंसं हॉटेल. तोंड झाकलेला एक माणूस पिस्तूल रोखत टेबलाटेबलावरून पैसे गोळा करतो. तो दाराकडे निघतो तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावरचा एक गिऱ्हाईक त्याच्यावर गोळ्या झाडतो. आमच्या मराठी ग्रुपवर हा व्हिडिओ आला तो अशा मजकुरासकट: प्रत्येक दुकानात असा एक तरी मर्द हवा, कमरेला बंदूक असून जो गप्प बसतो तो भेकड. खाली टाळ्याच टाळ्या. पुण्याच्या काकांनीही अंगठा दाखवलाय.

मी याच शहरात राहते. ग्रीन कार्ड आल्यावर मनासारखी नोकरी लागेपर्यंत सात महिने एका गॅस स्टेशनच्या, म्हणजे पेट्रोल पंपाच्या, दुकानात रात्रपाळी केली आहे. त्या मजकुरातली आणि त्यामागे गृहीत धरलेली एकेक गोष्ट मला खोडावीशी वाटते.

पहिला दावा, त्या गिऱ्हाइकाने सगळ्यांचे जीव वाचवले. व्हिडिओ आवाज बंद करून पुन्हा बघा. लुटारू पाठ फिरवून बाहेर निघाला होता. एकूण नऊ गोळ्या झाडल्या गेल्या, त्यातली शेवटची तो जमिनीवर पडल्यानंतर, जवळ जाऊन. लुटारूच्या हातातलं पिस्तूल खेळण्यातलं निघालं. ते आधी कुणाला कळणं शक्य नव्हतं, त्यासाठी मी त्या गिऱ्हाइकाला दोष देत नाही. पण हिशेब खरा मांडूया. त्या रात्री परत मिळाले ते पैसे. ते त्या गिऱ्हाइकाने स्वतः उचलून ज्याचे त्याला दिले. आणि तिशीतला एक माणूस मेला.

दुकान लुटणाऱ्याला बहुतेक वेळा रोकड हवी असते आणि लवकरात लवकर पळायचं असतं. रात्री उघडी राहणारी दुकानं याच हिशेबाने मांडलेली असतात. गल्ल्यात थोडेच डॉलर ठेवायचे, बाकीच्या नोटा काउंटरखालच्या तिजोरीच्या फटीतून आत सोडायच्या. ती तिजोरी काउंटरवाल्याला उघडता येत नाही आणि तशी पाटीच दारावर लावलेली असते. दाराच्या चौकटीला फूट-इंचांची रंगीत पट्टी असते, पळणाऱ्याची उंची सांगता यावी म्हणून. पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं: हात दिसतील असे ठेव, मागेल ते दे, वाद घालू नकोस, मागे धावू नकोस. कामगारांच्या सुरक्षेची सरकारी संस्था 'ओशा' हीदेखील रात्रीच्या दुकानांना कमी रोकड आणि अशी तिजोरी ठेवायलाच सांगते. हा भेकडपणा नाही. काउंटरमागचा माणूस सकाळी घरी जावा म्हणून केलेली ही व्यवस्था आहे. कुणीतरी तिसऱ्याने बंदूक काढली की ती क्षणात मोडते, आणि दोन बंदुकांच्या मधे उभी असते ती काउंटरवाली.

दुसरा दावा, चांगला कोण आणि वाईट कोण हे दिसतंच. जून 2014, लास व्हेगास. दोन पोलिसांना मारून एक हल्लेखोर मोठ्या दुकानात शिरला. तिथल्या एका गिऱ्हाइकाकडे परवान्याचं पिस्तूल होतं, तो त्याला अडवायला गेला. मागे ट्रॉली घेऊन उभी असलेली बाई त्या हल्लेखोराची बायको आहे हे त्याला कुठून कळणार? तिनेच त्याला मारलं. जून 2021, कोलोराडोतलं अर्वाडा. एका पोलिसाला मारणाऱ्या बंदूकधाऱ्याला एका सामान्य नागरिकाने गोळी घालून पाडलं आणि त्याची रायफल हातात घेतली. तेवढ्यात दुसरा पोलीस आला. त्याला दिसला हातात रायफल घेतलेला माणूस. त्याने गोळी झाडली. ज्याने लोकांना वाचवलं तोच गेला. धावत आलेल्या पोलिसाला तुमच्या मनातला हेतू दिसत नाही.

तिसरा, नेम. यावर ग्रुपवर कुणी बोलतच नाही. न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबाराचा 2008 साली रँड या संशोधन संस्थेने अभ्यास केला होता. समोरून गोळ्या येत असताना त्यांचा नेम 18 टक्के वेळा लागला होता, समोरून येत नसताना 30 टक्के. हे रोज बंदूक बाळगणारे, प्रशिक्षण घेतलेले लोक. ऑगस्ट 2012 मध्ये एम्पायर स्टेट इमारतीपाशी दोन पोलिसांनी एका मारेकऱ्यावर 16 गोळ्या झाडल्या आणि नऊ वाटसरू जखमी झाले. सगळे पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी.

चौथा, कायदा पाठीशी आहे. टेक्सासात बऱ्याच अंशी आहे. इथे मालमत्ता वाचवण्यासाठीही प्राणघातक बळ वापरण्याची मुभा आहे, अटींसह, आणि टाकेरियातल्या त्या गिऱ्हाइकावर ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, आरोप ठेवला नाही. पण मिशिगनमध्ये 2015 साली एका बाईने चोरी करून पळणाऱ्यांच्या गाडीवर पार्किंगमध्ये गोळ्या झाडल्या. तिला 18 महिन्यांचं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीची शिक्षा, झालं आणि बंदूक बाळगायचा परवानाही गेला.

उरला तो 2012 पासून घासून गुळगुळीत झालेला, बंदूकधारकांच्या एनआरए या संघटनेचा तेव्हाचा प्रमुख वेन लापिएर याचा दावा, की बंदूकवाल्या वाईट माणसाला फक्त बंदूकवाला चांगला माणूसच थांबवतो. 'फक्त' हा शब्द चुकीचा आहे. एफबीआयने 2000 ते 2013 मधले 160 बेछूट गोळीबार तपासले. त्यातले 21 निःशस्त्र लोकांनी झडप घालून थांबवले. पोलीस नसलेल्या सशस्त्र लोकांशी गोळीबार होऊन थांबले ते पाच, आणि त्यातही बहुतेक सुरक्षारक्षक होते.

तरी एक प्रसंग मी मनापासून मान्य करते. जुलै 2022, इंडियानातलं ग्रीनवुड मॉल. हल्लेखोराने तीन जणांना मारलं होतं आणि तो थांबणार नव्हता. 22 वर्षांच्या एका मुलाने 15 सेकंदांत 10 गोळ्या झाडून त्याला संपवलं, त्यातल्या आठ लागल्या. तिथे माणसं मरत होती, वाट बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्या मुलाचे आभारच मानायला हवेत. पण टाकेरियाच्या व्हिडिओत हे नाही.

माझ्या दुकानातही नव्हतं. मार्चमधली रात्र, दीड वाजला असेल. हूडी घातलेला एक पोरगा, पिस्तूल माझ्या छातीच्या रेषेत. मी गल्ला उघडून नोटा काउंटरवर ठेवल्या, साठ-सत्तर डॉलर असतील. माझे हात इतके कापत होते की चिल्लरचा खण खाली पडला आणि नाणी घरंगळत चिप्सच्या मांडणीखाली गेली. कॉफी मशीनपाशी एक म्हातारे गृहस्थ कप धरून तसेच उभे होते. पोरगा गेला. पोलीस येईपर्यंत त्यांनी मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मग जॅकेट जरासं बाजूला केलं. कमरेला पिस्तूल होतं. ते म्हणाले, "त्याच्या मागे ब्रेडच्या मांडणीपाशी एक बाई लेकराला घेऊन उभी होती. आणि तू होतीस."

गाडीच्या नंबरप्लेटची पहिली चार अक्षरं पोलिसांना त्यांनीच सांगितली.