अंतर नाही, चढ मोजा

रोज सायकलने कामावर जाण्याबद्दलच्या लेखात ‘एका बाजूने १८ किलोमीटर’ एवढंच धरलंय. एकूण चढाचा पत्ताच नाही. सायकल-बॅगेसकट ९५ किलो वजन ३०० मीटर वर न्यायचं, तर पायांच्या १५० वॅटच्या जोरावर निव्वळ चढालाच अर्धा तास जातो. सपाटीचा वेळ वेगळा.

मग गिअरचे दात मोजा. पुढे पेडलच्या चक्रावर ३४, मागे चाकाच्या सर्वांत मोठ्या चक्रावर ३४ असतील तर ८ टक्के चढ मिनिटाला पेडलचे ६० पूर्ण फेरे मारत ताशी साडेसात किलोमीटरने निघतो. पुढे ४२, मागे २८ असतील तर तोच चढ उभं राहून रेटावा लागतो आणि गुडघे कुरकुरतात. त्यासाठी मोठी कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) टाकताना मागचा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) तेवढे दात घेतो का ते आधी बघा. साखळीही बहुधा लांब लागेल. आणि या रस्त्याची चाचणी सुट्टीच्या दिवशी नको! भरलेल्या बॅगेसह, लागोपाठ दोन दिवस, जाऊन-येऊन करा.