कूलरला भेटायचंय

परवा पगाराची चिठ्ठी हातात आली. कपातीच्या रकान्यात २७० रुपये आणि पुढं कारण लिहिलेलं: 'एक्सेस आयडलिंग'. मराठीत सांगायचं तर मी झोपायचा प्रयत्न केला, त्याचा दंड. झोप लागली असती तर हे पैसे मी हसत दिले असते. लॉजवाला खोलीचे घेतोच की. पण न लागलेल्या झोपेचे पैसे भरणारा आमच्या तालुक्यातला मी बहुधा पहिलाच.

झालं असं. बुटीबोरीला माल भरला, नागपूर ते आमणे अशी ७०१ किलोमीटरची समृद्धी ताशी ८० च्या आत राहून तुडवली आणि संध्याकाळी सातला भिवंडीतल्या एका गोदामाच्या गेटवर गाडी लावली. पुढं २२ गाड्या. "नंबर उद्या लागेल," म्हणाले. मे महिना, भिवंडी आणि रात्र. ज्याला कळायचं त्याला एवढ्यात कळलं असेल.

आता, माझ्या गाडीत एसी आहे. खरंच आहे. सरकारनं डिसेंबर २०२३ मध्ये नियम काढला, की १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांच्या केबिनला एसी पाहिजेच. आमची गाडी यंदा फेब्रुवारीत आली, म्हणजे ती कायद्यानंच गार आहे. नारळ फोडला त्या दिवशी आमच्या हिनं गल्लीत सांगितलं, "यांचं आता एसीतलं काम आहे." दूध सोसायटीच्या सेक्रेटरीनं त्या आठवड्यात मला दोनदा आपण होऊन नमस्कार केला.

एसी कायद्यानं बसवला. चालवायचा कधी, ते मात्र कंपनी ठरवते. एसीला इंजिन लागतं आणि उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवायची मुभा आहे दहा मिनिटांची. अकराव्या मिनिटाला पुण्यातल्या ऑफिसात कुठंतरी माझी गाडी लाल होते. मी आधीच झालेला असतो. शिवाय आमचं इंजिन केबिनच्या खालीच असतं. ते बंद केलं की दोन तास खालून शेक मिळतो, बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवावी तसा. काच उघडली तर डास. डास परवडले, पण काच उघडी ठेवून झोपलं की सकाळी मोबाइल नसतो. काच लावली तर मोबाइल राहतो, आपण राहत नाही.

अकराला मी मनाचा हिय्या केला, काचा लावल्या, एसी लावला आणि मागच्या बंकवर आडवा झालो. अकरा वाजून अकरा मिनिटांनी फोन.

"सर, व्हेईकल आयडलिंग दाखवतंय."

कंट्रोल रूमचा पोरगा. आमच्या कंपनीत 'ए ड्रायव्हर'चं 'सर' झालं ते गाड्यांना जीपीएस बसला त्या वर्षी. आता सर म्हटलं की माझा हात आपोआप खिशावर जातो.

"अरे बाबा, उकडतंय."

"हो सर. पण आयडलिंग दाखवतंय."

"तुझ्याकडं एसी आहे का?"

"आहे ना सर. इथं तर स्वेटर घालावं लागतं."

हे त्यानं अगदी भोळेपणानं सांगितलं, म्हणून मला नीट रागावताही येईना. मग दर दहा मिनिटांनी फोन. एकदा मी थाप मारली, की गाडी रीजनरेशन मागतेय. बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरातला फिल्टर काजळीनं चोंदला, की ती दिवा लावते आणि मग तिला उभी करून अर्धा तास इंजिन चालू ठेवावं लागतं. त्याला कंपनीची परवानगी असते. पोरगा म्हणाला, "सर, लॅम्पचा फोटो पाठवा ना." म्हणजे बघा, गाडीला कोंडल्यासारखं झालं तर अर्धा तास मंजूर. मला झालं तर माझ्या कपाळावर दिवा नाही.

बारा वीसला मी हरलो आणि इंजिन बंद केलं. एक तास वीस मिनिटं, तीन लिटर डिझेल, नव्वदच्या भावानं २७० रुपये. हिशेबात खोट नाही. खोट काढायलाच मी पाऊण तास अंधारात बसलो होतो.

मग टॉवेल खांद्यावर टाकून खाली उतरलो, तेव्हा गेटच्या पत्र्याच्या केबिनमध्ये तो दिसला. कूलर. कपाटाएवढा, लोखंडी, निळा, गवताच्या ताट्यांचा. गोदामाची वीज पिऊन सुसाट सुटलेला. त्याच्यापुढं वॉचमनमामा खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते आणि त्यांची टोपी वाऱ्यानं उडू नये म्हणून कानांवरून रुमाल बांधला होता. चाळीस-पंचेचाळीस लाखांच्या एसी गाडीतून घामानं निथळत उतरलेला मी, आणि समोर ही थंडी.

"मामा, जरा बसू का कूलरपुढं?"

"बसा की. पर नोंद लागती."

त्यांनी रजिस्टर काढलं. मी म्हटलं, नोंद सातलाच झालीय. मामा म्हणाले, "ती गाडीची. ही मान्साची." चष्मा लावला, पट्टीनं नवीन ओळ आखली. नाव झालं, गाव झालं. लायसन मागितलं. फोटो बघून म्हणाले, "हे तुमी न्हाईत."

"मीच आहे. तेव्हा झोप होत होती."

ते त्यांना पटलं. "कुणाला भेटायचं?"

"कुणालाच नाही. वारा घ्यायचाय."

"रकाना रिकामा ठिवता येत न्हाई. मागं एकडाव ठिवला, तर सुपरवायझरनं दोन दिसाचा रोज कापला."

त्या क्षणी मला हा माणूस सख्ख्या भावासारखा वाटला. "मग कूलर लिहा," मी म्हटलं.

मामांनी पेन उचललं, टेकवलं, परत उचललं. "कूलर कंच्या डिपारमेंटला धरायचा?"

"तुमच्याच."

"मंग मला भेटाया आल्यावानी व्हतं. डूटीवर पाव्हणं चालत न्हाईत." त्यांनी कूलरकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग वर पत्र्याकडं. शेवटी 'मु. कूलर, मेन गेट' असं लिहिलं, पत्रावर पत्ता घालतात तसं.

"काम?"

"हवा."

"टायरात?"

"नाही हो, मला."

मामांनी 'हवा भरणे' लिहिलं.

"संगं सामान?"

"टॉवेल."

"टावेल एक. रंग?" रंग सांगितला. "भगवा का आबोली?" त्यावर आमची थोडी चर्चा झाली. टॉवेल बारा वेळा धुतलेला असल्यानं दोघांचंही म्हणणं बरोबर होतं.

"येन्याची येळ एक धा. कितीक येळ बसनार?"

"दहा मिनिटं," मी सवयीनं म्हणालो.

खरं सांगतो, भिवंडीच्या दमट हवेत कूलरचा तसा उपयोग नाही. ओलं फडकं कुणीतरी तोंडावर मारत राहावं, तसा वारा येतो. पण मामांनी तो गावाहून, परभणीहून, ओळखीच्या ट्रकवर टाकून आणलेला. त्यामुळं त्याच्याविरुद्ध काही बोलायची सोय नव्हती. "जगात जर्मनी अन् भारतात परभणी," असं म्हणून त्यांनी कूलरच्या पाठीवर थाप मारली. त्यानं दोन थेंब माझ्या डोळ्यांत उडवले.

"येवढी नवी गाडी तुमची. यशी न्हाई का?"

मी सगळं सांगितलं. नियम, दहा मिनिटं, सर, स्वेटर. मामांनी ते मन लावून ऐकलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, "म्हंजी बैलाला झूल हाय, पर घालायची पोळ्यालाच."

"हो."

"अन् पोळा धा मिनटाचा."

कंपनीच्या दोन ट्रेनिंगांत मला जे नीट मांडता आलं नव्हतं, ते या माणसानं तंबाखूच्या एका चिमटीत मांडलं.

तेवढ्यात मागच्या गाडीचा पंजाबी ड्रायव्हर आला. त्याचीही नोंद झाली. काम: वरीलप्रमाणे. त्याचा भाऊ तिकडं कॅलिफोर्नियात ट्रक चालवतो. त्यानं व्हिडिओ दाखवला. केबिनमागं खोलीच. पलंग, फ्रिज, खाली गालिचा. मामांनी मोबाइल हातात घेऊन विचारलं, "हे कुनाचं घर हाय?" गंमत म्हणजे नियम तिथंही आहे आणि आपल्यापेक्षा कडक आहे. उभ्या डिझेल गाडीचं इंजिन पाच मिनिटांच्या वर चालू ठेवायचं नाही. २००८ पासून झोपायच्या केबिनवाल्या ट्रकनाही तो लागू आहे. धूर होऊ नये म्हणून. पण भावाच्या गाडीला एसीपुरतं छोटं इंजिन वेगळं बसवलेलं. मोठं बंद, छोटं चालू, माणूस झोपलेला. आपल्याकडंही बॅटरीवर चालणारे टपावरचे एसी मिळतात. मी ऑफिसात विचारलं होतं. "वॉरंटी जाईल," म्हणाले. माझी वॉरंटी कुठल्या साली संपली, ते मी त्यांना विचारलं नाही.

आमचे वडीलही ड्रायव्हर. लाकडी बॉडीची गाडी, केबिनमध्ये पंखासुद्धा नाही. पण ते केबिनमध्ये झोपायचेच नाहीत. कांद्याच्या गोण्यांवर ताडपत्री टाकली की वर आभाळ, चारी बाजूंनी वारा. खाली किन्नर, म्हणजे क्लीनर, राखण करायला. नाहीतर ढाब्यावर जेवण घेतलं की बाज फुकट. आता माझ्या कंटेनरच्या टपावर चढायची सोय नाही आणि चढलो तर पत्र्यावर थालीपीठ होईल. किन्नर कंपनीनं कधीच काढून टाकला. समृद्धीवर बाज टाकणारा ढाबा मला अजून भेटायचाय. वडिलांची म्हातारपणी कंबर गेली, कान गेले, पण झोप शेवटपर्यंत पक्की होती. मला हेवा वाटतो, आणि वाटतो याचीच लाज वाटते.

डिझेल वाचवू नये असं मी म्हणत नाही. शेठचा पैसा आहे आणि रात्रभर शंभर गाड्या धूर सोडत उभ्या राहिल्या तर तो धूर आमच्याच नाकात जातो. माझं दुखणं दुसरं आहे. मी त्या गेटवर संध्याकाळी सातपासून दुसऱ्या दिवशी साडेनऊपर्यंत उभा होतो. साडेचौदा तास. कायद्याच्या पुस्तकात १९६१ पासून लिहिलेलं आहे, की मोटार कामगाराचं काम दिवसाला आठ तास. मग हे साडेचौदा तास काय होते? काम म्हणाल तर भत्ता नाही, विश्रांती म्हणाल तर झोप नाही. गोदामवाल्यानं गाडी अडकवून ठेवली म्हणून त्याच्या स्क्रीनवर कुठं काही लाल झालं नाही. त्याला कुणी फोन करून म्हणालं नाही, "सर, ड्रायव्हर आयडलिंग दाखवतोय." इंजिनाचं मिनिट न् मिनिट मोजणाऱ्यांना माझे तास मोजायचं यंत्र अजून सापडलेलं नाही. आणि उद्या घाटात माझा डोळा लागला, तर पेपरात छापून येणार, 'चालकाचे नियंत्रण सुटले'.

असो. पंजाबी घोरायला लागला होता, बसल्या बसल्या. मामाही. कूलर तिघांवर सारख्या निष्ठेनं शिंतोडे उडवत होता. मला कधी डोळा लागला कळलं नाही, पण चारच्या सुमाराला मान अवघडून जाग आली आणि मी तसाच गाडीत जाऊन पडलो.

साडेनऊला माझा नंबर आला. गाडी गेटवर घेतली, तर रात्रीचे मामा जाऊन दिवसाचा तरुण गार्ड आलेला. त्यानं गाडीचं रजिस्टर बघितलं, मग माणसांचं बघितलं आणि हात आडवा केला.

"तुम्हाला आत येता येणार नाही."

"का?"

"तुम्ही आतच आहात. एक दहाला आलाय, गेल्याची वेळ नाही. आधी बाहेर जा, मग आत या."

मी स्टिअरिंगवर बसून गेटच्या बाहेर होतो. त्याला ते दिसत होतं. पण रजिस्टरला दिसत नव्हतं. मी खाली उतरलो. मामांच्या केबिनमध्ये गेलो, म्हणजे कागदोपत्री होतोच तिथं. सही केली, वेळ टाकली.

"काम झालं का?" पोरानं रकाना बघत विचारलं.

"हवा भरली."

"टॉवेल?"

"काय?"

"येताना टॉवेल एक. जाताना सामान तपासावं लागतं."

टॉवेल कूलरच्या मागं वाळत घातलेला होता, रात्री विसरलेला. त्याला कुणीतरी हात पुसले होते. पोरानं तो उजेडात धरला, रजिस्टरमध्ये बघितलं आणि म्हणाला, "इथं भगवा लिहिलाय. हा अबोली आहे."

मागं माझ्या गाडीचं इंजिन चालूच होतं, आणि खिशातला फोन वाजायला लागला.