‘मटेरिअल गुणिले तीन’ हा हिशेब हाताच्या दागिन्याला लागू पडत नाही

बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. हाताने दागिने करणाऱ्यांना त्यात सल्ला दिलाय: मटेरिअलला जितके पैसे लागले त्याच्या तिप्पट किंमत लावा. सुरुवातीला सगळ्यांपेक्षा स्वस्त विका, मग हळूहळू वाढवा. झिरो कमिशनच्या अ‍ॅपवर खर्च काहीच नाही. जीएसटीची भानगड नाही. नावात ‘सिल्व्हर’ टाका, म्हणजे शोधात वर येतं.

मी सहा वर्षं नथी आणि तन्मणी करून ऑनलाइन विकते. ओळखीतल्या तिघींनी याच सल्ल्यावर दुकान उघडलं, दोघींनी वर्षाच्या आत बंद केलं. दोघींचाही हात माझ्यापेक्षा चांगला होता. म्हणून हे लिहितेय.

तिप्पट किंमतीचा मुद्दा आधी घेते, कारण खरं नुकसान तिथेच होतं. माझ्या एका चापाच्या नथीला मोती, खडे, तार, चाप मिळून 70 रुपये लागतात. रविवार पेठेतून एकदम माल आणला तर. तिप्पट म्हणजे किंमत 210. आता यातून मटेरिअलचे 70 आणि डबी, बबल रॅप, पाकिटाचे 22 रुपये काढा. कमिशन 10 टक्के धरलं तर 21 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास 25. ‘फ्री डिलिव्हरी’ लिहिलंय म्हणून कुरिअरचे 65 आपल्याच खिशातून. उरले 28 रुपये. नथ बांधायला मला सव्वा तास लागतो. एक मोती तिरका बसला की बारीक तार उसवून पुन्हा पहिल्यापासून. फोटो, गिऱ्हाइकाची उत्तरं, पॅकिंग यांचा पाव तास धरा. दीड तासाचे 28 रुपये!

मुळात मटेरिअलच्या किंमतीचा आणि मेहनतीचा काही संबंधच नसतो. टेराकोटाचे कानातले घ्या. मूठभर माती, थोडा रंग, दोन आकडे. माती मळा, आकार द्या, सावलीत वाळवा, भाजा, रंगवा. भट्टीत चार जोड तडकले तर तेही सोसा. यात चार-पाच दिवस जातात आणि तिप्पटचा हिशेब सांगतो, जोडी पन्नास रुपयांना विका. उलट तयार महागडं पेंडंट नुसतं साखळीत अडकवलं, की त्याच हिशेबाने पाच मिनिटांच्या कामाला शेकडो रुपये. हाताच्या कामाची किंमत शून्य धरणारं सूत्र हाताच्या दागिन्यासाठी कसं चालेल?

माझी पद्धत साधी आहे. तासाचा दर आधी ठरवायचा. मी 120 धरते, म्हणजे दीड तासाचे 180. मटेरिअल 70, पॅकिंग 22, कुरिअर 65, परत येणाऱ्या पार्सलांसाठी प्रत्येक नगामागे 15. बेरीज 352. कमिशन आणि त्यावरचा कर मिळून 11.8 टक्के जाणार, हातात किंमतीचे 88.2 टक्केच राहणार, म्हणून 352 ला 0.882 ने भागायचं. जवळपास 400 येतात. याच्या खाली विकलं तर मी स्वतःच्याच मजुरीतून गिऱ्हाइकाला पैसे देते. नफा यानंतरचा.

झिरो कमिशन खोटं नाही. मीशोने 2021 मध्ये विक्रेत्यांचं कमिशन शून्य केलं. पण कमिशन हा खर्चाचा एकच भाग. परत आलेलं पार्सल, वर दिसण्यासाठीची जाहिरात, पॅकिंग हे राहतंच. परदेशातल्या मराठी घरांसाठी एट्सी या परदेशी विक्रीच्या साइटवर नथ ठेवायची तर एका नोंदीला चार महिन्यांसाठी 20 सेंट आणि विक्रीवर साडेसहा टक्के द्यावे लागतात. हे साडेसहा टक्के गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या टपालखर्चावरही लागतात, हे कित्येकींना पहिल्या हिशेबाच्या वेळीच कळतं.

जीएसटीबद्दल अर्धंच सांगितलंय. 1 ऑक्टोबर 2023 पासून वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर नोंदणीशिवाय ऑनलाइन मार्केटप्लेसवर माल विकता येतो. पण त्यासाठी जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि विक्री आपल्या राज्यापुरतीच करता येते. म्हणजे कोल्हापूरची बाई नागपूरला पार्सल पाठवू शकते, त्याहून कितीतरी जवळच्या बेळगावला नाही. पणजीलाही नाही.

‘सिल्व्हर’चा सल्ला तर सरळ फसवणुकीचा आहे. नावात सिल्व्हर असलं तरी जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच. तांबं, जस्त आणि निकेल असतं. निकेलने अनेकांच्या कानाला खाज सुटते, कातडी लाल होते. ज्या बाईने चांदी समजून घातलं तिला काय सांगणार? धातूचं नाव स्पष्ट लिहा, वजन आणि लांबी लिहा. परत येणारी पार्सलंही त्याने कमी होतात.

राहिला ‘आधी स्वस्त, मग वाढवा’. साच्यातून निघालेली नथ 99 रुपयांना मिळते. तिच्याशी किंमतीत माझा हात कधीच जिंकणार नाही. शिवाय स्वस्त म्हणून आलेलं गिऱ्हाईक किंमत वाढली की जातं. मी स्वतः पहिलं वर्ष 210 लाच विकत होते. महिन्याला तीसेक नथी जायच्या, 45 तास बसायचे आणि हातात 840 रुपये यायचे, तेही एकही पार्सल परत आलं नाही तर. मग किंमत 449 केली आणि नथ बांधतानाचे फोटो टाकले. ‘आधी 210 होती ना?’ असं विचारणाऱ्या बऱ्याच जणी गेल्या. महिन्याच्या नथी अकरावर आल्या. पहिल्या दोन महिन्यांत रात्री झोप लागत नव्हती. पण त्या अकरा नथींना साडेसोळा तास लागले आणि परत आलेली पार्सलं धरूनही 2,464 रुपये उरले.