नवे ग्राफिक कार्ड बसवल्यानंतर काळ्या पडणाऱ्या स्क्रीनबाबतच्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

नव्या कार्डानंतर स्क्रीन मध्येच काळी पडते, त्यापायी सिन्नरहून नाशिकला दोन खेपा घालाव्या लागल्या, दोन्ही वेळा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) टाकण्याचे 400 रुपये घेतले गेले आणि दोष तसाच राहिला, तेव्हा कार्डच वापरलेले असावे, असे आपण लिहिले आहे. यातील शेवटचा आरोप सोडल्यास बाकी सर्व खरे आहे.

आपल्या संगणकात पूर्वी एएमडीचे कार्ड होते आणि आम्ही एनव्हीडियाचे बसवले. कार्ड स्लॉटमधून काढले तरी त्याच्या ड्रायव्हरच्या फाइल्स आणि रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातील) नोंदी विंडोजमध्ये तशाच राहतात. त्या साफ न करताच आमच्या मुलाने पहिल्या खेपेस नवा ड्रायव्हर वरून टाकला. दुसऱ्या खेपेस मी स्वतः सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी मोजक्या ड्रायव्हरवर चालते त्या अवस्थेत) जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या प्रोग्रामने दोन्ही कंपन्यांचे ड्रायव्हर काढले, मात्र दुकानाचे नेट बंद करायचे राहून गेले. ड्रायव्हर काढल्यावर विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साध्या डिस्प्ले ॲडॉप्टरवर चालते आणि नेट मिळाले की विंडोज अपडेट स्वतःहून कार्डाचा ड्रायव्हर उतरवू लागते. आपण अभिप्रायाला जोडलेल्या डिव्हाइस मॅनेजरच्या फोटोत ड्रायव्हरची तारीख आम्ही टाकलेल्या ड्रायव्हरपेक्षा जुनी दिसते, त्यावरून अपडेटने जुना ड्रायव्हर बसवल्याचा हा घोटाळा माझ्या लक्षात आला. इतकी वर्षे हेच काम करणाऱ्याने नेटची वायर काढायला विसरावे, ही चूक माझीच आहे.

कार्ड मात्र सीलबंद खोक्यातून आपल्यासमोर काढले होते आणि त्याचा सीरियल नंबर बिलावर आहे. तो देऊन कंपनीकडे वॉरंटीची खात्री करता येईल. दुसऱ्या खेपेस तेच कार्ड आमच्या टेस्टिंगच्या संगणकात तीन तास विनातक्रार चालले होते. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते, याचे कारण असे की कार्डाकडून 2 सेकंदांत प्रतिसाद न आल्यास विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. हे लक्षण कमी पडणाऱ्या पॉवर सप्लायचेही असू शकते, म्हणून मी एक जादा पॉवर सप्लाय सोबत आणणार आहे.

आपल्याला तिसरी खेप घालावी लागणार नाही. येत्या रविवारी मी सिन्नरला येईन, नेट बंद ठेवून काम नीट करीन आणि अपडेटमधून ड्रायव्हर येण्याची सोय बंद करून देईन. दोन्ही वेळचे मिळून 800 रुपये त्याच वेळी परत मिळतील. एवढे करूनही दोष राहिला, तर कार्ड बदलून देण्याची जबाबदारी माझी.

एकच विनंती आहे. ड्राइव्हवर बिटलॉकर (ड्राइव्हवरील माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर सेफ मोडमध्ये जाताना 48 अंकी रिकव्हरी की विचारली जाऊ शकते. ती तेवढी शोधून ठेवावी.