टुरिस्ट पास वसूल करण्याविषयी काही मौलिक सूचना

परदेशातल्या एखाद्या मोठ्या शहरात तीन-चार दिवसांसाठी निघाला आहात ना? मग तिथला टुरिस्ट पास घ्याच. अनेक ठिकाणांच्या प्रवेशाचं एकच कार्ड, सगळ्या शहराचे दरवाजे सताड उघडे, रांगेत ताटकळायला नको आणि वर निम्मे पैसे वाचणार. एवढं सगळं जाहिरातीत छापलेलं असताना आणखी चौकश्या करत बसणं म्हणजे त्या जाहिरातीतल्या हसऱ्या कुटुंबावर अविश्वास दाखवणं.

तरीही ज्यांना नीट, शिस्तीत, पद्धतशीर फसायचं आहे त्यांच्यासाठी काही सूचना देतो. अनुभवाचे बोल आहेत आणि जखम अजून ताजी आहे.

सर्वात आधी, यादी वाचू नका. यादीची फक्त लांबी बघा. साठ ठिकाणं, नव्वद ठिकाणं! वाचायला गेलात तर त्यात मेणाचे पुतळे, बोटीची फेरी, कुठल्यातरी पुलावर चढायची सोय, सायकलच्या भाड्यात सूट असलं काहीबाही सापडेल आणि ज्यासाठी तुम्ही विमानाचं तिकीट काढलंत नेमकं तेच सापडणार नाही. पॅरिस म्युझियम पासात आयफेल टॉवर नाही. रोमा पासात व्हॅटिकनची संग्रहालयं नाहीत, आणि त्यात रोमचीही चूक नाही, व्हॅटिकन हे वेगळं राष्ट्रच आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या कार्डावर अ‍ॅन फ्रँकचं घर नाही. त्याची तिकिटं फक्त त्यांच्याच वेबसाइटवर मिळतात आणि दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरची विक्रीला येतात. पण असल्या किरकोळ गोष्टींसाठी कुणी पॅरिस-रोमला जातं का? मेणाचे पुतळे बघायचे सोडून?

फुकट गोष्टींकडे ढुंकूनही बघू नका. लंडनला हा मोह फार. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, नॅचरल हिस्टरी म्युझियम, या सगळ्यांच्या कायमच्या दालनांना तिकीटच नाही. आता सांगा, डायनासोरचा सांगाडा फुकट बघितला तर पास वसूल कसा होणार? तेव्हा ब्रिटिश म्युझियमच्या दारावरून मान खाली घालून पुढे जायचं आणि जिथे तिकीट असेल तिथे घुसायचं. तिकीट जितकं महाग तितकं ते ठिकाण बघण्यासारखं, हा पासधारकांचा पहिला नियम.

मुलांसाठीही पास घ्या. पॅरिसच्या लूव्र म्युझियमला अठरा वर्षांखालच्या कुणालाही, मग ते पोर कुठल्याही देशाचं असो, प्रवेश फुकट आहे. रोमच्या कलोसियमलाही तसंच, फक्त नोंदणी करावी लागते. पण मुलांच्या गळ्यात कार्ड नसेल तर फोटोत वाईट दिसतं.

सोमवार-मंगळवार गाठून जा. पॅरिसजवळचा व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद, पॅरिसचं ओर्से म्युझियम सोमवारी बंद, लूव्र मंगळवारी बंद, इस्तंबूलचा तोपकापी राजवाडाही मंगळवारीच बंद. रविवारी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत प्रार्थना असते, पर्यटकांना दर्शन नाही. पास मात्र सातही दिवस झिजतो.

झिजण्यावरून आठवलं. काही पास तारखा मोजतात, काही तास. लंडन पास तारखांवर चालतो. पॅरिस म्युझियम पास तासांवर: 48, 96 किंवा 144. तुम्ही बरोबर उलटं करा. तारखांवरचा पास दुपारी चार वाजता सुरू करा, म्हणजे रात्री बाराला पहिला दिवस खलास. आणि तासांवरचा पास सकाळी दारं उघडताच सुरू करा, म्हणजे शेवटच्या दिवशीही तो दारं उघडायच्या वेळीच मरेल. दुपारी सुरू केलात तर फुकटची आणखी एक सकाळ पदरात पडायची. उगीच पाप कशाला?

रोमला 72 तासांच्या पासात पहिल्या दोन ठिकाणी प्रवेश फुकट, 48 तासांच्या पासात एकाच ठिकाणी, पुढे सगळीकडे फक्त सवलत. तेव्हा पहिल्या सकाळी हॉटेलजवळचं सगळ्यात स्वस्त म्युझियम शोधून काढा आणि फुकट प्रवेश तिथे उडवा. कलोसियम कुठे पळून जात नाही.

‘रांग टाळा’ या शब्दांवर पूर्ण विश्वास ठेवा. टळते ती तिकीटखिडकीची रांग. बॅगा तपासायची रांग राजालाही चुकत नाही.

आता मुख्य सूचना: टाइम स्लॉट. पास घेतला म्हणजे काम झालं, असं खुशाल समजा. आम्हीही तसंच समजलो होतो, म्हणजे आमचे साडू समजले होते, कारण सहलीची सगळी सूत्रं त्यांच्याकडे होती. शहराचं नाव सांगत नाही, पासाचंही नाही. त्या शहरातलं एक प्रसिद्ध म्युझियम हे आमच्या सासऱ्यांच्या यादीत पहिलं आणि शेवटचं होतं. त्यांना बाकी काही बघायचंच नव्हतं. पासावर त्या म्युझियमचं नाव होतं, फोटो होता, अ‍ॅपवर त्याच्यापुढे हिरवी खूण होती. दारात गेलो तर तिथल्या बाईने पास स्कॅन केला, यंत्राने छान मंजुळ आवाज केला, आणि ती म्हणाली, पास ठीक आहे, स्लॉट दाखवा.

कसला स्लॉट? तर पास हा पैशांचा पुरावा. आत जायची वेळ वेगळी घ्यायची, वेगळ्या वेबसाइटवर, वेगळं खातं उघडून. त्या खात्यात पासाचा क्रमांक भरायचा. तो क्रमांक असतो कार्डाच्या मागे, आणि कार्ड मिळतं त्या शहरात पोचल्यावर, त्यांच्या काउंटरवर. म्हणजे घरून निघण्याआधी स्लॉट घ्यायची सोयच नाही! बरं, तिथेच भिंतीला टेकून, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात कार्ड धरून सतरा रकाने भरले. राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, सगळ्यांची नावं. मग कॅलेंडर उघडलं. पासधारकांसाठी आजचा दिवस राखाडी. उद्याचा राखाडी. परवाचा राखाडी. पहिली पांढरी तारीख आली ती आमचा पास संपल्यानंतरची, आणि त्याच दिवशी आमचं परतीचं विमान.

आणि त्याच पानावर, बोटभर खाली, ‘साधं तिकीट’ असा दुसरा पर्याय. तिथे अर्ध्या तासानंतरचा स्लॉट उपलब्ध. भरपूर उपलब्ध! पूर्ण पैसे मोजा आणि या. तीच इमारत, तेच दार, तीच तपासणारी बाई. ज्याने आज पैसे दिले तो आत, आणि ज्याने तीन महिने आधी पैसे भरून ठेवले तो फुटपाथवर. पासवाल्यांचा कोटा वेगळा, तो केव्हाच संपलेला. किती जागांचा कोटा, ते कुठेही लिहिलेलं नाही. कोटा आहे हेच लिहिलेलं नाही.

मदत केंद्रावर चॅट केलं. पलीकडून आधी यंत्र बोललं, मग माणूस, की दुसरं यंत्र, कोण जाणे. उत्तर असं आलं की त्या म्युझियमचा प्रवेश पासात समाविष्ट आहे, पण प्रवेशाची उपलब्धता समाविष्ट नाही. वाचा पुन्हा. मीही पुन्हा वाचलं होतं. खाली विचारलं होतं, आजच्या संवादाला किती तारे द्याल?

शेवटी सासऱ्यांसाठी आणि सासूबाईंसाठी साधी तिकिटं काढली, पूर्ण दराने. बाकीचे आम्ही बाहेर. साडू म्हणाले, "वाया कशाला घालवायचं, तेवढ्यात पलीकडचं टॉवरचं करून टाकू." करून टाकू! बघू नाही, जाऊ नाही, करून टाकू. ते दोघं बाहेर आल्यावर त्यांनाही बोटीत घालायचं होतं, कारण बोट पासात होती. सासरे बाकावर बसले ते उठेचनात. गुडघा चोळत म्हणाले, "मी इथेच बसतो. तुम्ही वसूल करून या."

तेव्हा वाचकहो, पुढची सूचना अशी की ज्येष्ठांना बाकावर बसू देऊ नका. बाक पासात नाही.

आणि बचतीचा आकडा रोज रात्री हॉटेलवर मोठ्याने वाचा. आमच्या साडूंनी एक्सेलमध्ये मांडला होता. सात ठिकाणांची दारातली किंमत वजा पासाची किंमत, उत्तर हिरव्या रंगात. त्या सातांतली चार ठिकाणं अशी, की पास नसता तर आम्ही त्यांच्याकडे बघितलंही नसतं. पण जे घ्यायचंच नव्हतं ते स्वस्तात मिळालं की त्याला बचत म्हणायचं, असा हा हिशोब. अशी बचत करून माणूस दिवाळखोर होऊ शकतो.

वेळापत्रक भरगच्च ठेवा, हे राहिलंच. लूव्रमध्ये सुमारे 35,000 वस्तू मांडलेल्या आहेत. प्रत्येकीसमोर दहा सेकंद थांबलात तरी 97 तास लागतात, म्हणजे 96 तासांचा पास तासाभराने कमी पडतो, आणि ते लोक तुम्हाला रात्री राहू देत नाहीत. शिवाय त्या पासावर एका जागी एकदाच प्रवेश, उद्या पुन्हा येऊ म्हणायची सोय नाही. तेव्हा दीड तासात मोनालिसा, तीही लोकांच्या डोक्यांवर धरलेल्या फोनांमधून, आणि धावत पुढच्या ठिकाणी. संध्याकाळी विचारलं, काय बघितलं? तर पाच बघितली. कुठली पाच? थांबा, फोनमध्ये बघून सांगतो.

आता पुरे झाला उपरोध. सरळ बोलतो.

पास विकणाऱ्यांनो, तुमचा धंदा आम्हाला कळतो. खासगी कंपन्यांच्या बऱ्याच पासांत, पर्यटक जिथे प्रत्यक्ष आत गेला तिथेच कंपनी त्या ठिकाणाला ठरलेली रक्कम देते. म्हणजे माझा स्लॉट हुकला, मी थकलो, मुलाला ताप आला, पाऊस पडला, की ते पैसे तुमच्याच खिशात राहतात. चालवा धंदा, त्याला माझी ना नाही. पण नोंदणी सक्तीची असेल तर ते पैसे घेण्याआधी सांगा. फोटोच्या खाली, त्याच आकाराच्या अक्षरांत. बाविसाव्या अटीत नाही. पासाचा क्रमांक पैसे भरताक्षणी ईमेलवर द्या. आणि कोटा संपला असेल तर त्या दिवसांचा पास विकू नका. ज्या खोलीला किल्ली नाही ती भाड्याने देणं याला फसवणूक म्हणतात. त्याला ‘उपलब्धतेच्या अधीन’ असं नाव दिलं म्हणून ती सभ्य होत नाही.

आणि म्युझियमवाल्यांनो, तुम्हीही साळसूद बनू नका. तुमचं नाव वापरून पास विकला जातो, तुम्ही त्यावर सही करता, आणि दारात हात वर करता. पासवाल्यांना जागा द्यायची नसेल तर करारातून बाहेर पडा. तसं करणारी म्युझियमं आहेत. ती निदान खोटं बोलत नाहीत.

राहिलो आपण. आपल्याला लाज वाटायला हवी. पास घ्यायचा की नाही हे ठरवायला अर्धा तास आणि एक कोरा कागद लागतो. पास नसता तरी कुठे गेलो असतो, ती ठिकाणं लिहायची. प्रत्येकाचं तिकीट त्या त्या ठिकाणाच्या स्वतःच्या वेबसाइटवर बघायचं. फुकटचं वगळायचं, मुलांचं वगळायचं. माद्रिदचं प्रादो म्युझियम रोज शेवटचे दोन तास फुकट असतं, इटलीतली सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात, ते बघायचं. नोंदणी लागते का, आपल्या तारखांना पासवाल्यांसाठी जागा आहे का, ते बघायचं. मग बेरीज करायची. बेरीज पासापेक्षा जास्त आली तर जरूर घ्या. दोन-तीन दिवसांत खरोखर चार-पाच महागडी ठिकाणं बघायची हौस आणि पाय ज्यांच्याकडे आहेत, त्यांना पास परवडतो, यात वादच नाही. आपण हे करत नाही. आपण विमानाचं तिकीट काढायला आठवडाभर दर बघतो आणि पास घेताना ‘सगळे घेतात’ एवढ्यावर कार्ड पुढे करतो. मग तिथे जाऊन म्हाताऱ्या माणसांना फरफटवतो, पोरांना चित्रांसमोरून हाकलतो, जेवायला बसलेल्यांना घड्याळ दाखवतो. कुणी सांगितलं होतं? सुट्टी होती ना ती?

आणि एक. ते ‘आमच्याकडे पास आहे, आमच्याकडे पास आहे’ असं ओरडत, कोपराने ढकलत रांगेत पुढे घुसणं बंद करा. पुढच्या माणसाकडे तिकीट आहे. त्याचे पैसे पूर्ण भरलेले आहेत, आणि बहुतेक तुमच्यापेक्षा जास्त. मागे व्हा.